लोकल आली म्हणून विक्री वाढली का?

व्हिडिओत हा हिशोब फळ्यावर घाईत झाला. म्हणून इथे सावकाश लिहितोय, वही घेऊन बसा.

12 जानेवारी 2024 ही तारीख उरणकरांना पाठ आहे. एकाच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि खारकोपरला थांबणाऱ्या लोकलला उरणपर्यंत हिरवा झेंडा मिळाला. माझं दुकान चपला-बुटांचं. त्यानंतर गल्ला वाढला आणि मे उजाडेपर्यंत मी स्टेशनजवळचा गाळा बघूनही आलो. भाडं महिना 18 हजार. डोक्यात एकच, लोकलने गिऱ्हाईक आणलं.

डिपॉझिटचा चेक लिहायच्या आधी म्हटलं, एकदा आकडे मांडू. बरं झालं.

आधी मार्च 2023 शेजारी मार्च 2024 लावला. तिथेच फसलो. 2023 चा गुढीपाडवा 22 मार्चला होता, 2024 चा 9 एप्रिलला. सणाची खरेदीच एका महिन्यातून दुसऱ्यात सरकली. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल असे तीन महिने एकत्र धरले. आकडे गोल करून सांगतो: 2023 ला विक्री 4 लाख, 2024 ला 5 लाख. वाढ 25 टक्के.

पण ही सगळी वाढ लोकलची कशी म्हणायची? त्या वर्षी मालाचे भाव वाढले होते, लग्नंही भरपूर होती. लोकल आली नसती तर किती विक्री झाली असती, हा खरा प्रश्न. ते तर कुणीच पाहिलेलं नाही. मग जिथे सेतू नाही, नवी लोकल नाही, पण लग्नसराई आणि भाववाढ तीच, असं दुकान शोधायचं. माझ्या मामेभावाचं महाडला चपलांचंच दुकान आहे. त्याची विक्री 3 लाखांवरून 3 लाख 60 हजार, म्हणजे 20 टक्के वाढ. 25 मधून 20 गेले, उरले 5 टक्के. 4 लाखांवर 5 टक्के म्हणजे 20 हजार, तेही तीन महिन्यांत, आणि ती विक्री, नफा नव्हे. माझं मार्जिन 25 टक्के धरलं तर हातात 5 हजार. गाळ्याचं तीन महिन्यांचं भाडं 54 हजार!

या पद्धतीला अर्थशास्त्रात डिफरन्स इन डिफरन्सेस म्हणतात, आपण 'फरकातला फरक' म्हणू. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी हीच वापरली. 1992 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला 4.25 वरून 5.05 डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही. दोन्हीकडच्या फास्ट फूड दुकानांची तुलना केली, तर नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. कार्ड यांना 2021 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुलनेचं दुकान निवडताना मात्र जपा. उलव्याचं दुकान मला चाललं नसतं, सेतूचा परिणाम तिथेही झालाच असणार. शिवाय एका दुकानावरचा हिशोब अंदाजच असतो. महाडसारखी चार-पाच दुकानं मिळाली तर उत्तम.

आणि मोजायची पद्धत मध्येच बदलली नाही ना, तेही बघा. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ला दारूबंदी आली, 2021 ला उठली. बंदीत दारू विकणं हाच गुन्हा, त्यामुळे पोलिसांकडच्या दारूच्या केसेस वाढल्या तरी लोक जास्त प्यायला लागले असं म्हणता येत नाही. दुकानातही तसंच. बिलिंग मशीन घेतल्यावर 'विक्री वाढली' वाटते, कारण आधी निम्मी विक्री वहीत चढतच नव्हती.

राहिला प्रश्न सेतू की लोकल. दोन्ही एकाच दिवशी, त्यामुळे महाड इथे कामाचं नाही. मी बिलांवरच्या वेळा काढल्या आणि लोकलच्या टाइमटेबलशी लावल्या. गाडी आल्यावर अर्ध्या तासात बिलं वाढतात का? संध्याकाळी वाढत होती. पण 2023 ची बिलं काढली, तर लोकल नसतानाही त्याच वेळेला तेवढीच गर्दी!

गाळा घेतला नाही. तिथे आता वडापाव-चहाचं दुकान आहे आणि ते जोरात चालतंय. गाडीतून उतरून वडापाव खातात हो लोक, चपला नाही घेत.