गोष्टींची बेटे



जिन्न आणि परी यांच्या गोष्टी तुम्ही घरी दादी-नानीकडून ऐकल्या असतील. 'अलिफ लैला'मधील काही किस्से उर्दूत वाचलेही असतील. मराठी गोष्टींत वेताळ, हडळ आणि मुंज्या येतात. जगातील प्रत्येक समाजाजवळ अशा अद्भुत गोष्टी आहेत. आज आपण एका दूरच्या देशातील गोष्टींची ओळख करून घेऊ. त्या देशाचे नाव फिलिपिन्स.

फिलिपिन्स हा देश आशिया खंडाच्या आग्नेय भागात, पॅसिफिक महासागरात आहे. तो ७,६०० हून अधिक लहानमोठ्या बेटांचा मिळून बनला आहे. मनिला ही त्याची राजधानी. तेथे शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. तागालोग ही त्यांतील एक प्रमुख भाषा. १५६५ पासून १८९८ पर्यंत या देशावर स्पेनचे राज्य होते. त्यानंतर अमेरिकेची सत्ता आली. १९४६ साली देश स्वतंत्र झाला.

तेथील दोन शब्द ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. आभार मानताना तेथील लोक 'सलामत' म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी. मलाय भाषेतून तो या बेटांवर पोहोचला. दुसरा शब्द 'दिवाता'. दिवाता म्हणजे डोंगर, झाडे आणि पाणी यांची राखण करणारी परी. हा शब्द संस्कृतमधील 'देवता' या शब्दापासून आला आहे. व्यापाऱ्यांच्या जहाजांतून माल जातो, तसे शब्दही जातात.

आता या गोष्टींतील काही पात्रांना भेटू या.

'तिकबालांग' याचे डोके घोड्याचे आणि शरीर माणसाचे. पाय इतके लांब, की तो उकिडवा बसला म्हणजे गुडघे डोक्याच्या वर जातात. तो रानात वाटसरूला भुलवतो. मग वाटसरू कितीही चालला तरी पुन्हा त्याच जागी येतो. आपल्याकडे याला 'चकवा लागणे' म्हणतात. तिकबालांगच्या चकव्यातून सुटण्याचा उपायही लोकांनी सांगितला आहे. अंगातला सदरा काढावा आणि उलटा करून घालावा!

'नुनो' हा एक छोटासा म्हातारा. तो मुंग्यांच्या किंवा वाळवीच्या वारुळात राहतो. वारुळ तुडवले, तर तो रागावतो आणि माणसाला आजारी पाडतो, असे म्हणतात. म्हणून अशा जागेवरून जाताना लोक हळूच म्हणतात, "ताबी-ताबी पो." याचा अर्थ, "जरा बाजूला व्हा हो, आम्ही जात आहोत." यातील 'पो' हा शब्द वडीलधाऱ्यांशी आदराने बोलताना वापरतात.

'बाकुनावा' हा समुद्रात राहणारा प्रचंड नाग. विसाया बेटांवरील कथेनुसार पूर्वी आकाशात सात चंद्र होते. बाकुनावाने त्यांतील सहा गिळले. तो सातवा गिळू लागला, की ग्रहण लागते. मग लोक भांडी वाजवून आरडाओरडा करतात आणि बाकुनावा घाबरून चंद्र सोडून देतो. राहूची कथा तुम्हाला ठाऊक असेल, तर हे साम्य लगेच लक्षात येईल. पृथ्वीची सावली चंद्रावर पडल्याने चंद्रग्रहण होते, हे आज शाळेतील प्रत्येक मूल जाणते. तरीही ही कथा ऐकायला गोड वाटते.

मारिया माकिलिंग ही एक प्रसिद्ध दिवाता. मनिलाच्या दक्षिणेला माकिलिंग नावाचा डोंगर आहे. ती त्याची राखणदार. गावात लग्न असले, की गरीब लोक तिच्याकडून कपडे आणि दागिने उसने नेत. पुढे काही लोकांनी नेलेल्या वस्तू परत केल्या नाहीत. तेव्हापासून ती दिसेनाशी झाली, असे सांगतात.

मुलांनो, या गोष्टींकडे नीट पाहा. अनोळखी रानात एकटे भटकू नये. लहान जीवांचे घर तुडवू नये. उसने घेतलेले परत करावे. आजी-आजोबांनी हे उपदेश गोष्टींच्या रूपाने मुलांपर्यंत पोहोचवले.

या गोष्टी कागदावर कशा आल्या, हाही एक मनोरंजक इतिहास आहे. १५८९ साली हुआन दे प्लासेन्सिया या स्पॅनिश धर्मगुरूने तागालोग लोकांच्या चालीरीतींबद्दल लिहिले. त्यात अद्भुत शक्तींवरील त्यांच्या विश्वासांचा उल्लेख आहे. पण ते त्याला सैतानाचे काम वाटले. जवळजवळ तीनशे वर्षांनी तेथील लोकांनी आपल्या गोष्टी स्वतः लिहावयास घेतल्या. १८८९ साली इसाबेलो दे लोस रेयेस यांनी फिलिपिन्सच्या लोकसाहित्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १८९० साली होसे रिझाल यांनी मारिया माकिलिंगची कथा लिहिली. रिझाल हे डॉक्टर, लेखक आणि देशभक्त होते. त्यांचा जन्म माकिलिंग डोंगराजवळच्या कालांबा गावी झाला होता. माकड आणि कासव यांच्या लोककथेची चित्रेही त्यांनी काढली होती. १८९६ साली स्पॅनिश सरकारने त्यांना गोळ्या घालून ठार केले. आपल्या आजीची गोष्ट लाज वाटण्यासारखी नाही, ती आपली दौलत आहे, हे या लेखकांनी लोकांना दाखवून दिले. पुढे १९७१ साली माक्सिमो रामोस या अभ्यासकाने अशा अद्भुत प्राण्यांवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

ग्रंथ मोजके लोक वाचतात. सामान्य माणसापर्यंत या गोष्टी नेण्याचे काम चित्रकथांनी केले. तेथे चित्रकथांना 'कोमिक्स' म्हणतात. १९२९ साली 'लिवायवाय' या नियतकालिकात 'केंकोय' नावाच्या विनोदी तरुणाची चित्रकथा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कोमिक्सची लाट आली. ज्यांना विकत घेणे परवडत नसे, ते दुकानात थोडे पैसे देऊन भाड्याने वाचत. १९५० साली मार्स रावेलो या लेखकाची 'दारना' प्रसिद्ध झाली. नार्दा नावाची साधी मुलगी एक पांढरा खडा गिळते, "दारना" असे ओरडते आणि शूर वीरांगना बनते. जिच्या डोक्यावर केसांऐवजी साप आहेत, अशा व्हॅलेंटिनाशी ती लढते. रावेलो यांनीच 'द्येसेबेल' या जलपरीची कथा लिहिली.

पुढे नव्या पिढीने जुन्या पात्रांना शहरात आणले. १९९९ साली आर्नोल्ड आरे यांची 'द मिथॉलॉजी क्लास' ही चित्रकथा निघाली. त्यात विद्यापीठातील एक विद्यार्थिनी आणि तिचे सोबती सुटलेल्या अद्भुत प्राण्यांना पकडतात. २००५ साली बजेट टान आणि काजो बाल्दिसिमो यांनी 'त्रेसे' सुरू केली. आरंभी ते तिच्या छायाप्रती काढून विकत. या कथेत तिकबालांग मनिलाच्या रस्त्यावर मोटारींच्या शर्यती लावतो! २०२१ साली 'त्रेसे'वर कार्टून मालिका निघाली आणि ही पात्रे जगभर पोहोचली.

परंतु या विषयाची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत असली पाहिजे. फिलिपिन्समध्ये सर्वांत जास्त भीती वाटते ती 'अस्वांग'ची. अस्वांग दिवसा साध्या माणसासारखा दिसतो आणि रात्री रूप बदलून रक्त पितो, अशी समजूत आहे. आता विचार करा. जो दिवसा साध्या माणसासारखा दिसतो, तो कोणीही असू शकतो. शेजारची एकटी राहणारी म्हातारीसुद्धा! गोष्ट येथेच धोकादायक बनते.

पानाय बेटावर कापिझ नावाचा प्रांत आहे. हा प्रांत अस्वांगांचा, अशी त्याची बदनामी झाली आहे. याच बेटावरील काही कुटुंबांत एक आनुवंशिक रोग आढळतो. त्यात रुग्णाचे स्नायू आपोआप आखडतात, मान आणि हातपाय वेडेवाकडे वळतात. १९७६ साली डॉक्टरांनी या रोगाची माहिती प्रसिद्ध केली. अशा रुग्णांच्या हालचाली पाहून लोकांनी त्यांच्यावर अस्वांग असल्याचा संशय घेतला असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. ज्यांना औषधाची आणि आधाराची गरज होती, त्यांच्या वाट्याला तिरस्कार आला.

या भीतीचा उपयोग युद्धातही केला गेला. १९५० नंतरच्या काही वर्षांत 'हुक' नावाचे बंडखोर सरकारविरुद्ध लढत होते. त्यांची एक तुकडी एका टेकडीवर होती. एडवर्ड लान्सडेल हा अमेरिकन अधिकारी सरकारी सैन्याला मदत करत असे. टेकडीवर अस्वांग राहतो, अशी अफवा त्याच्या माणसांनी पसरवली. मग एका रात्री त्यांनी एका बंडखोराला पकडले, त्याच्या मानेला दोन छिद्रे पाडून रक्त काढले आणि प्रेत वाटेवर ठेवले. ते पाहून बंडखोर टेकडी सोडून गेले. ही हकिकत लान्सडेलने १९७२ साली स्वतःच्या पुस्तकात लिहिली आहे. अस्वांग कोठेच नव्हता. मारणारी माणसे होती.

मग अशा गोष्टी वाचूच नयेत का? तसे मुळीच नाही. याच देशातील मिंदानाओ बेटावर मारानाओ नावाचा मुस्लिम समाज राहतो. त्यांचे 'दारांगेन' नावाचे महाकाव्य इस्लाम तेथे येण्यापूर्वीच्या काळातील आहे. त्याचे १७ खंड आणि ७२,००० ओळी आहेत. लग्नसमारंभात ते आजही गाऊन ऐकवतात. त्यातील सर्व अद्भुत गोष्टी खऱ्या मानल्या पाहिजेत असे नाही. ते पूर्वजांचे काव्य आहे, म्हणून त्यांनी ते सांभाळले आहे.

पुस्तकातील तिकबालांग कोणाचे वाईट करत नाही. पुस्तक मिटले, की तो आत राहतो. अफवेचे तसे नसते. तिला एखाद्या जिवंत माणसाचे नाव चिकटते आणि ते नाव सहज पुसले जात नाही. आपल्या महाराष्ट्रातही करणी किंवा भूताटकीचा आरोप ठेवून माणसांचा छळ झालेला आहे. म्हणूनच २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा करण्यात आला.

तेव्हा मुलांनो, दादीची गोष्ट जरूर ऐका आणि वहीत उतरवून ठेवा. चित्रे काढता येत असतील, तर तिची चित्रकथा करा. पण मोहल्ल्यात कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवून "ही चेटकीण आहे" असे म्हणाला, तर ते पुढे सांगू नका. "हे कोणी पाहिले?" असे त्याला विचारा. ती बाई आजारी असेल, तर तिला दवाखान्यात नेण्यासाठी घरातील मोठ्या माणसांना सांगा.

शब्दार्थ
आग्नेय – पूर्व आणि दक्षिण यांमधील दिशा
वाटसरू – वाटेने जाणारा, मुसाफिर
वारूळ – मुंग्यांचे किंवा वाळवीचे मातीचे घर
आनुवंशिक – आईवडिलांकडून मुलांकडे येणारे
चेटकीण – जादूटोणा करणारी बाई

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'दिवाता' हा शब्द कोणत्या शब्दापासून आला आहे?
(आ) वारुळाजवळून जाताना लोक काय म्हणतात?
(इ) नार्दा 'दारना' कशी बनते?
२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मारिया माकिलिंग दिसेनाशी का झाली?
(आ) कापिझ प्रांतातील रुग्णांवर कोणता अन्याय झाला असावा?
३. गोष्ट आणि अफवा यांतील फरक आपल्या शब्दांत पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. घरी ऐकलेली एक अद्भुत गोष्ट मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.