जुन्या जीपची उंची किती वाढवावी?

प्रश्न : वडिलांची जुनी महिंद्र एमएम ५४० जीप पावसाळ्यात अक्कलकोटकडील शेतवाटेवर, काळ्या चिखलात, मध्यभागी टेकून अडकते. चार इंच उंची वाढवल्यास अडचण कायमची जाईल, असे मिस्त्री म्हणतात. तसे करावे काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली चिंता रास्त आहे, मात्र उपाय एवढा मोठा नको. पाटे कितीही उंच केले तरी वर जाते ती केवळ चौकट. आसावरील डिफरन्शियलचा गोळा, जो चिखलाला प्रथम टेकतो, त्याची जमिनीपासूनची उंची चाकाच्या आकारावर अवलंबून असल्यामुळे तसूभरही वाढत नाही. उलट चार इंचांमुळे गुरुत्वमध्य वर सरकून वळणावर गाडी कलंडण्याचे भय वाढते, आणि ब्रेकचे होज, शॉकॲब्सॉर्बर व प्रॉपेलर शाफ्टचे सांधे यांवर अकारण ताण येतो.

इतक्या वर्षांच्या वापराने दबलेल्या पाट्यांना प्रथम पुन्हा बाक देऊन घ्यावा, अथवा बुशांसह नवा संच बसवावा. मूळ उंची परत मिळणे हाच मोठा लाभ होय. त्याउपर एक ते दीड इंच पुरे. लांब शॅकलचा स्वस्त मार्ग मी सुचवणार नाही, कारण शॅकल दोन इंच वाढवून गाडी जेमतेम इंचभर उचलली जाते आणि पुढील आसाचा कल बिघडून स्टिअरिंग अस्थिर होते. चिखलासाठी खोल नक्षीचे टायर अधिक उपयोगी.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा अवश्य करावी.