समुदाय महाविद्यालयातून विद्यापीठाच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमाकडे : श्रेयांक, समकक्षता आणि जागा

देशातील सर्वाधिक महाविद्यालये बंगळुरू शहर जिल्ह्यात आहेत. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये तेथे १,१०६ महाविद्यालये होती, तर पुणे जिल्ह्यात ४७५. महाविद्यालये एवढी असली तरी वाणिज्य व व्यवसाय व्यवस्थापन शाखेच्या नामांकित संस्थांतील जागा मोजक्याच असतात. बारावीत थोड्या गुणांनी मागे पडलेला किंवा शुल्क न परवडल्यामुळे अल्पखर्चाच्या कौशल्य पदविकेकडे वळलेला विद्यार्थी दोन वर्षांनंतर या संस्थांत प्रवेश करू शकतो काय? उच्च शिक्षणातील समतेची कसोटी या प्रश्नात दडलेली आहे. निबंध व सामान्य अध्ययनाच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे.

संकल्पना व पार्श्वभूमी

समुदाय महाविद्यालय, म्हणजेच कम्युनिटी कॉलेज, ही मूळची अमेरिकन संस्था. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले. कॅलिफोर्निया राज्याने १९६० च्या बृहत् आराखड्यात या संस्थांना निश्चित स्थान दिले. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के कॅलिफोर्निया विद्यापीठासाठी व वरचे एकतृतीयांश राज्य महाविद्यालयांसाठी पात्र ठरावेत, उर्वरितांनी समुदाय महाविद्यालयात दोन वर्षे शिकून पुढे विद्यापीठात जावे, अशी ही त्रिस्तरीय रचना होती. हा मार्ग केवळ कागदावर राहू नये म्हणून दोन उपाय योजले गेले. पहिला, विद्यापीठाने वरच्या वर्गांत बाहेरून येणाऱ्यांसाठी वाव ठेवणे. दुसरा, समुदाय महाविद्यालयाचा कोणता विषय विद्यापीठाच्या कोणत्या विषयासमान मानला जाईल, याची यादी सर्वांसाठी खुली करणे. तरीही तेथील नामांकित व्यवसाय विद्यालयांत प्रवेश आपोआप मिळत नाही. पूर्वअट असलेले विषय पूर्ण करून पुन्हा स्पर्धेस उतरावे लागते.

भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये व मद्रास येथे १९९६ मध्ये या संकल्पनेचे प्रयोग सुरू झाले. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने समुदाय महाविद्यालयांची योजना आणली आणि २०१४ मध्ये व्यवसाय शिक्षणातील पदवी, म्हणजे बी. व्होक., आली. मात्र आपल्याकडे या संस्थांचा भर स्थानिक रोजगारावर राहिला. विद्यापीठाच्या नियमित पदवीकडे नेणारा पूल म्हणून त्यांची बांधणी क्वचितच झाली.

श्रेयांकांची पेढी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील ढोबळ नोंदणी प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण २८.४ टक्के होते. या उद्दिष्टासाठी बहुविध प्रवेश व निर्गमनाची तरतूद करण्यात आली. डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक मिळवून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षाअखेर ८० श्रेयांकांवर पदविका मिळते. दोन्ही टप्प्यांवर ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम जोडलेला आहे. १२० श्रेयांकांवर तीन वर्षांची व १६० श्रेयांकांवर चार वर्षांची पदवी मिळते. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय, कौशल्य व उच्च शिक्षण एकाच मोजपट्टीवर आणले. त्यात एक श्रेयांक म्हणजे ३० अध्ययन तास.

२०२१ मध्ये नियम अधिसूचित झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये हे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात. ते कमाल सात वर्षे वैध राहतात. पदवी देणाऱ्या संस्थेत मात्र किमान ५० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात.

श्रेयांक आहेत, जागा आहे काय?

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. श्रेयांकांची पेढी साठवण व हस्तांतरण यांची सोय करते. प्रवेशाची हमी ती देत नाही. चलनी नोटेचे मूल्य समोरच्याने ती स्वीकारण्यावर अवलंबून असते. श्रेयांकांचेही तसेच आहे. स्वीकार होण्यासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात : विषयांची समकक्षता, रिक्त जागा आणि वेळेवर मिळणारी माहिती.

अभियांत्रिकीचे उदाहरण येथे बोलके आहे. कर्नाटकात तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या डीसीईटी परीक्षेद्वारे पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेतो. महाराष्ट्रातील थेट द्वितीय वर्ष प्रवेश याच स्वरूपाचा आहे. येथे समकक्षता ठरलेली आहे, जागा आहेत आणि वेळापत्रकही आहे. व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीसाठी एवढी सुस्थापित, केंद्रीय पद्धतीची वाट रूढ झालेली नाही. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, त्यामुळे अशी वाट आखण्यास चौकट उपलब्ध झाली आहे.

आजची अधिक रुळलेली वाट पदव्युत्तर टप्प्यावर उघडते. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या दोन वर्षांच्या प्रमुख अभ्यासक्रमास मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची, किमान ५० टक्के गुणांची पदवी लागते. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्के आहे. पुढील निवड कॅट परीक्षा व अन्य निकषांवर होते. म्हणजे आपल्याकडे खालच्या पायरीवरून वर येण्याचे साधन श्रेयांकांपेक्षा नवी प्रवेश परीक्षा हेच अधिक आहे.

अर्थशास्त्रीय विश्लेषण

गॅरी बेकर यांच्या मानवी भांडवल सिद्धान्तानुसार शिक्षणाने उत्पादकता वाढते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेत सिद्धान्तानुसार पदवी ही मालकाला उमेदवाराच्या क्षमतेचा संकेत देते. नामांकित संस्थेचे मूल्य बऱ्याच अंशी तिच्या निवडीच्या काटेकोरपणात असते, म्हणून इतरांचे श्रेयांक स्वीकारताना ती हात आखडता घेते. दुसऱ्या संस्थेतील अध्यापनाचा दर्जा तिला प्रत्यक्ष दिसत नाही. माहितीच्या या विषमतेवर सामायिक परीक्षा व विश्वासार्ह मूल्यांकन हाच उपाय आहे.

श्रेयांक नाकारले गेल्यास त्याची किंमत विद्यार्थी मोजतो. समजा, वर्षाचे शुल्क ३० हजार रुपये आहे आणि नोकरी केली असती तर दरमहा १५ हजार रुपये मिळाले असते. एक वर्ष पुन्हा शिकावे लागल्यास खर्च ३० हजारांचा नसून, संधी-खर्चासह २ लाख १० हजारांचा होतो. संपन्न कुटुंब हा भार सोसते. गरीब कुटुंबातील मुलगी बहुधा शिक्षणच सोडते.

संघराज्याचा पैलू

४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) शिक्षण समवर्ती सूचीत आले. उच्च शिक्षणातील दर्जाचे निर्धारण व समन्वय संघसूचीतील ६६ व्या नोंदीखाली केंद्राकडे आहे. कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीची रचना स्वीकारली. पुढे अर्थतज्ज्ञ प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळले. धोरणाच्या गुणदोषांवर मतभेद असू शकतात. परंतु रचना बदलली की समकक्षता नव्याने ठरवावी लागते, आणि बेळगाव किंवा बीदरहून बंगळुरूस आलेल्या विद्यार्थ्याला त्याचा फटका प्रथम बसतो.

पुढील दिशा

विद्यापीठांनी विषयवार समकक्षतेच्या याद्या प्रसिद्ध कराव्यात. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षात बाहेरून येणाऱ्यांसाठी ठरावीक जागा ठेवाव्यात. रचना बदलताना आधीच्या तुकड्यांचे श्रेयांक सुरक्षित राहतील याची लेखी हमी द्यावी. विद्यार्थ्यांनीही पदविकेस प्रवेश घेण्यापूर्वी संस्था श्रेयांक पेढीवर नोंदणीकृत आहे काय, इच्छित विद्यापीठ ते श्रेयांक लेखी मान्य करते काय व त्या वर्गात जागा आहेत काय, याची खातरजमा करावी. बाहेर पडण्याचे दार उघडणे तुलनेने सोपे असते. परत आत येण्याचे दार तितकेच रुंद झाले, तरच बहुविध प्रवेश-निर्गमनाचा खरा लाभ दुर्बल घटकांना मिळेल.

सरावासाठी प्रश्न

१. श्रेयांकांची हस्तांतरणीयता व प्रवेशाची हमी यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. संधी-खर्चाच्या संकल्पनेच्या आधारे उच्च शिक्षणातील गळतीचे विवेचन करा.
३. शिक्षण समवर्ती सूचीत असल्याने उच्च शिक्षणातील सुधारणांवर होणाऱ्या परिणामांची चर्चा करा.