विभक्त पती-पत्नी आणि वारसाहक्क

लखनौ शहरात गोमती नदीच्या उत्तरेस महानगर नावाची वसाहत आहे. तेथील एका घराचे उदाहरण घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे. परंतु दिवाणी न्यायालयात काही वर्षे काढलेल्या कोणत्याही वकिलाला ते परके वाटणार नाही. घराचा मालक हिंदू असून सरकारी नोकरीत होता. तरुणपणी बाराबंकी जिल्ह्यातील एका खेड्यात त्याचा विवाह झाला. एक मुलगा झाल्यावर पती-पत्नींचे पटेनासे झाले. तो शहरात निघून आला आणि पत्नी गावीच राहिली. घटस्फोटासाठी दोघांपैकी कोणीही न्यायालयात गेले नाही. पुढे शहरात त्याने एका स्त्रीशी देवळात लग्न केले, तिच्यापासून त्याला दोन मुली झाल्या, तीस वर्षे संसार झाला. अखेरच्या आजारात तिनेच त्याची शुश्रूषा केली. तो मृत्युपत्र न करता वारला आणि तेराव्यानंतर गावाकडची पत्नी मुलासह दाराशी येऊन उभी राहिली. आता घर कोणाचे?

घर त्याने स्वतःच्या कमाईतून बांधले असेल आणि त्याची आई हयात नसेल, तर उत्तर सरळ आहे. घराचे चार समान हिस्से होतील. गावाकडच्या पत्नीचा एक, मुलाचा एक आणि दोन मुलींचा प्रत्येकी एक. तीस वर्षे संसार केलेल्या स्त्रीला काहीही मिळणार नाही. पहिली पत्नी हयात असताना केलेला दुसरा विवाह १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार मुळातच निरर्थक असतो. म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती त्याची विधवा नव्हे. तिच्या मुलींना मात्र त्याच कायद्याचे सोळावे कलम औरस मानते आणि आईवडिलांच्या मालमत्तेत त्यांना वाटा देते.

हे उत्तर अनेकांना अन्यायाचे वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कायदा येथवर कसा आला हे पाहिल्याखेरीज त्याचे मर्म कळत नाही.

निपुत्रिक पुरुषाच्या वारसांत पत्नीला पहिले स्थान याज्ञवल्क्यस्मृतीने दिले आणि विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याचे समर्थन केले. मात्र तो हक्क सशर्त होता. पत्नी पतिव्रता असली पाहिजे. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी ही अट उचलली आणि विधवेच्या शीलाचा पुरावा साक्षीदारांच्या तोंडून घेण्याची प्रथा पडली. भाऊबंदांच्या हाती हे एक सोयीस्कर हत्यार होते. घराबाहेर राहिलेल्या, माहेरी गेलेल्या किंवा टाकलेल्या स्त्रीवर आळ घेणे कठीण नव्हते आणि खटला जिंकला की जमीन घरातच राही. १८८० साली आसाममधील एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने एवढी मर्यादा घातली की, एकदा मिळालेला वारसा विधवेच्या नंतरच्या वर्तनामुळे काढून घेता येणार नाही. पतीच्या मृत्यूपूर्वीच्या वर्तनाची अट तशीच राहिली. १९३७ मध्ये हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा झाला, आणि त्या कायद्याखाली शीलाची ही अट उरत नाही असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९४१ मध्ये दिला.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हा वाद मुळापासून उखडून टाकला. त्याचे अठ्ठाविसावे कलम दोन ओळींचे आहे, पण या विषयाचा सारा भार त्यावर आहे. रोग, व्यंग किंवा विकृती यांमुळे कोणीही वारसाहक्काला अपात्र ठरत नाही आणि याच कायद्यात सांगितलेली कारणे वगळता अन्य कोणत्याही कारणानेही नाही. सांगितलेल्या कारणांपैकी महत्त्वाचे म्हणजे ज्याचा वारसा मिळायचा त्याचाच खून करणे. नांदत नसणे, भांडणे, पत्र न पाठविणे, अंत्यसंस्काराला न येणे यांचा उल्लेख तेथे नाही. न्यायाधीश एकच प्रश्न विचारतो : मृत्यूच्या दिवशी विवाह अस्तित्वात होता काय? हा प्रश्न कोरडा आहे. पण त्या कोरडेपणामुळेच गावी टाकून दिलेल्या स्त्रीला, ‘तू का नांदली नाहीस?’ या प्रश्नाचे उत्तर पतीच्या मृत्यूनंतर द्यावे लागत नाही.

जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेला, मध्य प्रदेशातील एका कोळसा खाण कामगाराचा खटला आपल्या उदाहरणाच्या फार जवळचा आहे. पहिल्या पत्नीशी घटस्फोट झालेला नव्हता. दुसरी स्त्री पत्नी म्हणून त्याच्याबरोबर राहत होती, तिला चार मुले होती आणि नोकरीच्या कागदपत्रांत नामनिर्देशनही तिचेच होते. न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांनी लिहिलेल्या निकालपत्रात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. पैसे वसूल करण्यासाठी लागणारे वारसा प्रमाणपत्र न्यायालयाने दुसऱ्या स्त्रीला दिले, कारण नामनिर्देशन तिचे होते आणि मुलांचा सांभाळही तीच करीत होती. मालकीचा प्रश्न मात्र निराळा. चार मुले आणि वैध पत्नी मिळून पाच वारस. म्हणून पहिल्या पत्नीचा एक पंचमांश हिस्सा न्यायालयाने सुरक्षित ठेवला. प्रमाणपत्र हाती असणारी व्यक्ती विश्वस्तासारखी असते, हा या निकालाचा गाभा होय.

अशा खटल्यांत एक बचाव हमखास घेतला जातो : ‘आमची सोडचिठ्ठी झाली होती.’ महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोडाची रूढी होती आणि अशा रूढींना विवाह कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाने संरक्षण दिले आहे. परंतु ज्याला तिचा आधार हवा, त्याने ती रूढी आपल्या जातीत प्राचीन काळापासून अखंड चालत आली आहे हे सिद्ध केले पाहिजे. मुद्रांकाच्या कागदावर दोघांनी सह्या करून नोटरीचा शिक्का घेतला, एवढ्याने विवाह मोडत नाही. न्यायिक विभक्ततेच्या हुकूमनाम्यानेही तो मोडत नाही; एकत्र राहण्याचे बंधन सुटते, वारसाहक्क उरतो. घटस्फोटाचा दावा चालू असताना एक पक्ष मरण पावला, तर दावा तेथेच संपतो आणि दुसरा पक्ष विधवा किंवा विधुर म्हणून मागे राहतो. जोडीदाराची सात वर्षे काहीच वार्ता नसेल, तर घटस्फोट मागता येतो. मात्र केवळ सात वर्षे लोटली म्हणून विवाह आपोआप सुटत नाही.

पत्नी आधी वारली तर हिशेब अधिकच बोचरा होतो. टाकून दिलेल्या स्त्रीने शिवणकाम किंवा शिक्षकी करून घर घेतले आणि ती निपुत्रिक, मृत्युपत्र न करता वारली, तर कलम पंधरानुसार तिच्या आईवडिलांच्या आधी वारस ठरतो तो तिला टाकणारा पती. आईवडिलांकडून तिला वारशाने आलेली मालमत्ता तेवढी पित्याच्या वारसांकडे परत जाते. पती आधीच वारला असला, तरी त्याचे नातेवाईक पुढे असतात. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच खटला आला. विवाहानंतर थोड्याच काळात विधवा झालेल्या आणि सासरहून हाकलल्या गेलेल्या एका स्त्रीला माहेरच्यांनी शिकविले. ती नोकरीला लागली. तिची स्वकष्टार्जित मालमत्ता तरीही सासरच्यांकडे गेली. सहानुभूतीच्या आधारे कायदा बदलता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. येथे कलम अठ्ठाविसाची निरपेक्षता न्यायाची वाटत नाही. दोष त्या कलमाचा नव्हे, वारसांच्या क्रमाचा आहे.

सर्व मालमत्ता एकाच वाटेने जाते असेही नाही. कुटुंब निवृत्तिवेतन हे मृताच्या मालमत्तेचा भागच नव्हे, म्हणून ते मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने पत्नीऐवजी भावाचे नाव लावले होते. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन पत्नीचेच ठरविले. उत्तर प्रदेशातील शेतजमिनीचा वारसा तर हिंदू वारसा कायद्याने नव्हे, तर जमीनदारी निर्मूलनाच्या १९५० च्या कायद्याने आणि २०१६ पासून त्या राज्याच्या महसूल संहितेने ठरत आला आहे. तेथेही विधवा पहिल्या वारसांत मोडते. पण तिने पुनर्विवाह केल्यास ती जमीन पतीच्या अन्य वारसांकडे वळते.

लखनौसारख्या शहरात मुस्लिम कायद्याचा विचार टाळता येणार नाही. पत्नीला अपत्य असता एक अष्टमांश आणि नसता एक चतुर्थांश, पतीला त्याच्या दुप्पट, हे हिस्से ठरलेले आहेत. वेगळे राहण्याने ते बुडत नाहीत. शिया पंथात मात्र निपुत्रिक विधवेला पतीच्या जमिनीत हिस्सा नाही. जमिनीवरील इमारतीच्या किमतीत तिला वाटा मिळतो.

हे सारे बदलण्याचा राजमार्ग म्हणजे घटस्फोट किंवा मृत्युपत्र. हिंदू व्यक्ती आपली सर्व स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकते, विवाहाविना सोबत राहिलेल्या व्यक्तीलाही. तरीही वगळलेली विधवा, पुनर्विवाह करीपर्यंत, मालमत्ता घेणाऱ्यांकडून पोटगी मागू शकते. मुस्लिम व्यक्तीला अंत्यविधीचा खर्च आणि कर्जे भागवून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापलीकडे वारसांच्या संमतीवाचून मृत्युपत्र करता येत नाही. गोव्यात विवाहापूर्वी निराळा करार झाला नसेल, तर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. तेथे हयात जोडीदाराचा अर्धा भाग हा वारसाच नव्हे. तो आधीपासून त्याचाच असतो आणि कोणत्याही मृत्युपत्राच्या आवाक्याबाहेर असतो.

विभक्ततेची दखल वारशात घेणारा कायदा भारतात अगदीच नाही असे मात्र नव्हे. ख्रिस्ती विवाहांना लागू असणाऱ्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातील चोविसाव्या कलमाप्रमाणे, न्यायिक विभक्ततेच्या हुकूमनाम्यानंतर पत्नीने मिळविलेली मालमत्ता, ती मृत्युपत्र न करता वारल्यास, जणू पती तिच्याआधीच वारला आहे अशा रीतीने वाटली जाते. इंग्लंडमध्ये १९७३ च्या कायद्याने हाच नियम पती आणि पत्नी दोघांनाही लावला. हिंदू विवाह कायद्यात न्यायिक विभक्तता आहे; हा नियम नाही.