शाई गाळणारी अळंबी : निसर्गनिरीक्षणाचा एक पाठ

मृगाचे व आर्द्राचे पाऊस होऊन जमीन मुरली, की लोणी काळभोरच्या परिसरात उकिरड्यांच्या कडेला, शेणाच्या ढिगांवर, उसाच्या कुजक्या पाचटात आणि जुन्या ओंडक्यांच्या बुडाशी लहान लहान छत्र्या उगवतात. मुले त्यांना ‘कुत्र्याच्या छत्र्या’ म्हणतात व जाता जाता पायाने उडवितात. त्यांपैकी काही जाती अशा आहेत, की सकाळी डौलाने उभ्या असतात आणि दुपारपर्यंत वितळून काळ्या शाईचे थेंब गाळू लागतात. शाळेच्या दाराशी विनामूल्य येणारा हा पाठ कसा घ्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ओळख : ही अळंबी प्रथम अंड्यासारखी किंवा घंटेसारखी मिटलेली असते. रंग पांढुरका, करडा किंवा फिकट तपकिरी. टोपीवर बहुधा बारीक खवले वा चकचकीत कण दिसतात. दांडा सडपातळ, पोकळ व ठिसूळ असतो. टोपीच्या खाली पुस्तकाच्या पानांप्रमाणे दाट बसविलेल्या पात्या असतात. त्या आरंभी पांढऱ्या, मग करड्या व शेवटी काळ्या होतात. पूर्वी शाई गाळणाऱ्या बहुतेक अळंब्या ‘कोप्रायनस’ या एकाच प्रजातीत गणल्या जात. २००१ साली आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून त्यांची चार प्रजातींत विभागणी झाली. यावरून, रूप सारखे म्हणून कूळ एक असेलच असे नाही, हे मोठ्या मुलांना सांगता येईल.

शाई का होते? : पात्यांवर काळे बीजाणू तयार होतात. एक बीजाणू मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा असतो. पात्या इतक्या दाट असतात, की सर्व बीजाणू एकदम पिकले तर आतल्या बीजाणूंना बाहेर पडावयास वाट मिळणार नाही. म्हणून ते टोपीच्या खालच्या कडेकडून वर क्रमाने पिकतात. कडेचे बीजाणू वाऱ्यावर गेले, की तेवढा भाग अळंबी स्वतःच्याच पाचक रसांनी विरघळवून टाकते, आणि वरच्या भागास वाट मोकळी होते. विरघळलेला भाग व त्यात राहिलेले बीजाणू मिळून ही शाई बनते. बुलर या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी या क्रियेचे बारकाईने निरीक्षण केले. ज्याला आपण नासणे म्हणतो, ती वस्तुतः वंशविस्ताराची व्यवस्था आहे.

पाठाची मांडणी : हा पाठ सकाळीच घ्यावा. वेळापत्रकात विज्ञानाचा तास दुपारी असेल, तर त्या दिवशी वेळापत्रक बाजूस ठेवावे. अळंबी आपल्या तासाची वाट पाहत नाही. चार-पाच मुलांच्या टोळ्या करून अळंबी न उपटता पाहावयास सांगावे. ती कशावर उगवली आहे? सावलीत की उन्हात? एकटी की झुबक्याने? दर तासाने तिचे चित्र काढून वेळ लिहावी. अर्धवट पिकलेली एकच टोपी पांढऱ्या कागदावर पात्या खाली करून ठेवावी व वाटीने झाकावी. काही तासांनी कागदावर काळा ठसा उमटतो. गळलेल्या शाईत काडी बुडवून मुलांनी आजची तारीख लिहावी. अशा शाईचा लेखनासाठी उपयोग युरोपात पूर्वी केला गेला आहे.

सावधगिरी : कोणतीही रानातली अळंबी चाखू नये, हाताळल्यावर हात साबणाने धुवावे. चांदीचे नाणे वा लसूण काळा पडतो की नाही, यावरून विष ओळखता येते, ही समजूत खोटी आहे. शाई गाळणाऱ्यांपैकी एका जातीबरोबर मद्य घेतल्यास चेहरा लाल होणे, धडधड व ओकारी असा त्रास होतो. ही गोष्ट मुलांमार्फत घरोघरी पोहोचावी.

पाठाचे मोल : अळंबी ही वनस्पती नव्हे. तिच्यात हरितद्रव्य नाही, आणि कवकांची गणना आता स्वतंत्र सृष्टीत होते. शेण, पाचट व लाकूड कुजवून त्यांतील सत्त्व मातीस परत देणे हे तिचे काम. पाचट जाळावे की कुजवावे, हा प्रश्न ज्यांच्या घरी दर हंगामात येतो, त्या मुलांना या पाठाचा अर्थ सहज कळेल. ज्या शिक्षकांना अधिक जाणून घ्यावयाचे असेल, त्यांनी हे लक्षात ठेवावे, की आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत, अजरेकरांच्या नावे कवकांचा मोठा संग्रह जतन केलेला आहे.

परंतु याहून मोठी गोष्ट अशी, की वाचनात मागे पडणारे मूल पाहण्यात मागे असतेच असे नाही. पहाटे गोठ्यात शेण काढणाऱ्या मुलीने जे पाहिले असते, ते वर्गातील पहिल्या क्रमांकाच्या मुलास ठाऊक नसते. त्या दिवशी तिला फळ्यापाशी उभे करून सांगू द्यावे व बाकीच्यांनी लिहून घ्यावे. आपण पाहिलेले कोणीतरी ऐकून घेते, हा अनुभव मुलास शाळेशी बांधून ठेवतो. शाळेत एक निरीक्षण-वही ठेवून पहिले अळंबे कोणी, कोठे व कोणत्या तारखेस पाहिले याची नोंद दर पावसाळ्यात करावी. काही वर्षांनी ती वही म्हणजे गावच्या मातीचा व पावसाचा इतिहास होईल, आणि त्याचे लेखक आपले विद्यार्थी असतील.