‘अ‍ॅब्सोल्यूट’ : सत्तेचे एक विशेषण

इंग्रजीत सत्तेला लावल्या जाणाऱ्या विशेषणांपैकी ‘अ‍ॅब्सोल्यूट’ हे विशेषण विशेष काळजीपूर्वक वाचावे लागते. त्याचा अर्थ पुष्कळदा ‘फार मोठी’ किंवा ‘जुलमी’ असा केला जातो. वस्तुतः हा शब्द सत्तेचा विस्तार सांगत नाही आणि सत्ताधाऱ्याचा स्वभावही सांगत नाही. ज्या लॅटिन शब्दापासून तो आला, त्याचा अर्थ ‘बंधनातून मोकळा केलेला’ असा आहे. जी सत्ता कोणत्याही नियमाने बांधलेली नाही, ती ‘अ‍ॅब्सोल्यूट’ सत्ता होय. राजा दयाळू असला तरी त्याची सत्ता अशी असू शकते.

या अर्थाची परंपरा जुनी आहे. सम्राट कायद्याने बांधलेला नसतो, असे रोमन विधिज्ञ अल्पियन याने म्हटले होते. फ्रेंच विचारवंत झाँ बोदँ याने १५७६ मध्ये सार्वभौम सत्तेचे विवेचन करताना हेच विशेषण वापरले. तथापि ईश्वरी व नैसर्गिक नियमांचे बंधन त्यालाही मान्य होते.

मराठीत राजसत्तेच्या संदर्भात ‘अनियंत्रित’ किंवा ‘निरंकुश’ हे प्रतिशब्द योग्य ठरतात. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी सुटलेले बंधन आहे, तर ‘निरंकुश’ या शब्दाच्या मुळाशी माहुताच्या अंकुशावाचून मोकाट असलेला हत्ती आहे. ‘अ‍ॅब्सोल्यूट मेजॉरिटी’ या प्रयोगात मात्र हे शब्द चालणार नाहीत. तेथे निम्म्याहून अधिक संख्या एवढाच अर्थ असतो. असे बहुमत मिळाले म्हणून सत्ता निरंकुश होत नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ७ विरुद्ध ६ अशा बहुमताने निर्णय दिला. घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार विस्तृत आहे, परंतु त्याने घटनेची मूलभूत चौकट बदलता येत नाही, असा त्याचा आशय होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने या अधिकाराला कोणतीही मर्यादा नाही असे घोषित केले. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते कलम न्यायालयाने अवैध ठरवले.

म्हणून हे विशेषण वाचताना सत्ता किती मोठी आहे, एवढेच पाहून भागत नाही. तिला अडवू शकेल असा नियम आहे किंवा नाही, हे पाहावे लागते. असा नियम जेथे नाही, तेथेच हे विशेषण यथार्थ ठरते.