मिठाईच्या खोक्याचे पुढे काय?

दिवाळीची सुट्टी संपवून मुले निवासी शाळेत परततात, तेव्हा त्यांच्या पेटीत घरचा फराळ असतो आणि मिठाईची एक-दोन खोकीही असतात. चार दिवसांत खाऊ संपतो, वेष्टने मात्र उरतात. संक्रांत, भीमजयंती, बुद्धपौर्णिमा असे निमित्त बदलत जाते. खोके तेच असते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राजस्त्रियांनी स्थविर आनंदांना पाचशे उत्तरीय चीवरे दान केली. इतक्या वस्त्रांचे आपण काय करणार, असे राजाने त्यांना विचारले. आनंदांनी सांगितले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना ती वाटून देऊ. मग जुन्या चीवरांची अंथरुणे, अंथरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची बिछायत, तिची पायपुसणी, त्यांची धूळ झटकण्याची फडकी होतील. आणि शेवटी चिंध्या कुटून, चिखलात मिसळून जमीन सारवली जाईल. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली. वस्तू हाती येतानाच तिचा शेवटपर्यंतचा उपयोग ठरलेला होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

मिठाईच्या खोक्याबाबत आपण असा विचार करत नाही, कारण ते आपल्याला एकच वस्तू वाटते. वस्तुतः त्यात पुठ्ठा, आतला तेलकट कागद, प्लास्टिकचे कप्पे आणि वरची चमक असे निरनिराळे पदार्थ असतात. पुठ्ठ्याचा पुन्हा कागद करताना तो पाण्यात भिजवून लगदा करतात. तूप पाण्यात विरघळत नाही. ते तंतूंना चिकटून राहते व लगदा बिघडवते. म्हणून तुपकट तळ फाडून वेगळा करावा आणि कोरडे झाकण रद्दीत ठेवावे. झाकण फाडताना पातळ पापुद्रा ताणला गेला, तर त्यावर प्लास्टिकचा थर आहे असे समजावे. असे खोके रद्दीत न घालता सुईदोरा, खडू, बियाणे ठेवण्यास वापरावे.

चॉकलेटच्या चंदेरी वेष्टनात बहुधा प्लास्टिक व धातूचे थर एकजीव केलेले असतात. भंगारवाला ते घेत नाही. ते कमी विकत घेणे, एवढाच उपाय उरतो. खोक्यावर गुंडाळलेल्या पारदर्शक प्लास्टिकला तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. दुकानदाराने ते गुंडाळल्यास नम्रपणे नाकारावे.

सेनगाव परिसरात कचरा दोन ठिकाणी जातो हे आपण जाणतो: चुलीत किंवा उकिरड्यावर. प्लास्टिकने चूल लवकर पेटते खरी, पण तो विषारी धूर भाकरी थापणाऱ्या आईच्या आणि शेजारी अभ्यास करणाऱ्या लेकराच्या छातीत जातो. उकिरड्यावरील गोड वासाची वेष्टने गुरे गिळतात. ती पचत नाहीत, पोटात साठत राहतात.

पालकांना एक विनंती आहे. पुढच्या सुट्टीनंतर खाऊ स्टीलच्या डब्यात द्यावा व डब्यावर लेकराचे नाव कोरून घ्यावे. वसतिगृहात डब्यांची अदलाबदल फार होते.